ऑनलाइन समुपदेशन शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघून डेक्कनवरची सातची अपॉइंटमेंट ज्याला गाठता येते, त्याने हा लेख नाही वाचला तरी चालेल. बाकीच्या पुणेकरांसाठी समुपदेशन २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलवर आलं आणि टाळेबंदी उठल्यावरही बरंचसं तिथेच राहिलं. समुपदेशकांनी ते आठवडाभरात सुरू केलं, पण ते वेगळं काम आहे असं समजून शिकून घेणारे थोडेच निघाले.

ज्याला समुपदेशन येतं आणि व्हिडिओ कॉल लावता येतो त्याला ऑनलाइन समुपदेशन येतं, असा समज तेव्हा होता आणि अजूनही आहे. तो चुकीचा आहे. खोलीत समोर बसलेल्या माणसाबद्दल कितीतरी गोष्टी न मागता कळतात. दार बंद आहे हे दिसतं. तो कसा चालत आला, हात थरथरतोय का, तोंडाला वास आहे का, बाहेर बाकावर आई बसलीय की नवरा, सगळं कळतं. ऑनलाइनमध्ये यातलं काहीच आपसूक हाती येत नाही. ते विचारून, ठरवून, लिहून घ्यावं लागतं. चांगल्या प्रशिक्षणातला मोठा भाग या विचारून घेण्याच्या सरावाचा असतो. संशोधनातला बराच भाग तसं केल्याने क्लायंटला खरंच फरक पडतो का, हे मोजण्यात जातो.

‘ऑनलाइन’ या एका नावाखाली चार-पाच निरनिराळी कामं येतात, हेही लक्षात ठेवायला हवं. व्हिडिओ कॉल, नुसता आवाज, चॅट आणि ईमेल. पाचवा प्रकार म्हणजे आठवड्याला एक धडा असा स्व-मदतीचा कार्यक्रम, ज्यात समुपदेशक अधूनमधून दहा-पंधरा मिनिटं विचारपूस करतो. यातला आवाजाचा प्रकार सगळ्यात जुना. लंडनमध्ये चॅड वारा या धर्मगुरूंनी १९५३ साली फोनवरून ऐकून घेण्याची सेवा सुरू केली, तीच पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून ओळखली गेली. आपल्याकडे केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्यातल्याच ‘कनेक्टिंग’ या संस्थेचे स्वयंसेवक सल्ला न देता फक्त ऐकायचं प्रशिक्षण घेऊन फोनवर बसतात. नुसतं ऐकणं शिकायला वेळ लागतो, आणि पदवीधरांना तो जरा जास्तच लागतो.

पहिली पाच मिनिटं

ऑनलाइन सत्राची सुरुवात ‘कसे आहात?’ने होत नाही. काही गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात, आणि त्या पहिल्याच सत्रात नव्हे तर प्रत्येक सत्रात.

‘आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात?’ याला ‘पुण्यात’ हे उत्तर पुरत नाही. भाग, इमारत, मजला हवा. क्लायंटच्या फाइलमधला पत्ता कोथरूडचा असतो आणि तो बोलत असतो साताऱ्याहून, मामाच्या घरून. एरवी याने काही बिघडत नाही. पण मदत पाठवायची वेळ आली, तर चुकीच्या पत्त्यामुळे अर्धा तास वाया जातो.

‘ऐकू येईल इतक्या जवळ कोणी आहे का?’ हा प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असाच विचारायचा. ‘जवळ कोण आहे?’ असं विचारलं तर शेजारी सासूबाई बसलेल्या असताना ती बाई सांगणार काय? सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना तर एकांत मिळणंच मुश्कील असतं. एका खोलीत चारजण असतात आणि दिवसभर अभ्यासिकेत चिडीचूप शांतता पाळावी लागते. ती मुलं बोलायला जिन्यात किंवा गच्चीवर जातात. आयटीतली मंडळी पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात. गाडी चालत असेल तर सत्र सुरू करायचं नाही, ‘ट्रॅफिक काही फार नाहीये’ असं कितीही सांगितलं तरी. गच्चीचं जरा वेगळं आहे. मन फार खचलेला माणूस गच्चीवरून बोलत असेल, तर पहिलं काम त्याला खाली आणणं. ‘आधी खाली उतरा, आत येऊन बसा, मी फोनवरच आहे’ असं सरळ सांगायचं.

तिसरी गोष्ट, कॉल तुटला तर काय. नियम आधी ठरलेला असावा. साधारण चालणारा नियम असा: समुपदेशक दोन मिनिटांत परत फोन करेल. लागला नाही तर आणखी एकदा करेल. तरीही नाही लागला तर एक मेसेज टाकेल आणि दहा मिनिटं वाट पाहील. हे ठरलेलं नसलं की दोघंही एकमेकांना फोन लावत बसतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं. रडता रडता कॉल तुटलेल्या माणसाला मात्र वाटतं की समोरच्याने फोन ठेवला. महावितरणच्या गुरुवारच्या दुरुस्त्या माहीत असलेल्या शहरात, राउटर बंद पडला तर मोबाइल डेटावर जायची तयारी आधीच असावी.

चौथी गोष्ट, मध्येच कोणी आलं तर काय. त्यासाठी एक साधं, कुणाला संशय येणार नाही असं वाक्य ठरवून ठेवतात, जसं ‘ते पार्सल उद्या पाठवते’. ते वाक्य आलं की समुपदेशकाने विषय बदलायचा किंवा कॉल संपवायचा. घरात मारहाण होत असलेल्या बाईच्या बाबतीत हे वाक्य जिवावरचं संकट टाळू शकतं. तिला पाठवायचे मेसेजसुद्धा विचार करून लिहावे लागतात, कारण कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही मेसेजची पहिली ओळ दिसते.

शेवटी, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्या एका माणसाचं नाव आणि नंबर, आणि तो कोणत्या परिस्थितीत केला जाईल याची स्पष्ट संमती. ही संमती माणूस शांत असताना घ्यायची असते. संकट आल्यावर घेतलेली संमती खऱ्या अर्थाने संमती नसते.

या सगळ्याला सरावाने तीन-चार मिनिटं लागतात. नवखे समुपदेशक ते टाळतात, कारण पोलिसी चौकशी केल्यासारखं वाटतं. पण ‘आपलं बोलणं सुरक्षित राहावं म्हणून दर वेळी चार प्रश्न विचारते’ असं एका वाक्यात कारण सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. जाता जाता एक मराठी अडचण: वय दिसत नसेल तर ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? सुरुवात ‘तुम्ही’ने करावी आणि काय आवडेल ते विचारून घ्यावं. बावीस वर्षांच्या मुलाला ‘तुम्ही’मुळे परकं वाटू शकतं, आणि न विचारता केलेला ‘तू’ त्यालाच शाळेतल्या सरांची आठवण करून देऊ शकतो.

कॅमेरा, आवाज आणि एक सेकंद

सामग्री फार लागत नाही. वायरचे हेडफोन, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणि समोरून येणारा उजेड एवढं पुरतं. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहऱ्याची सावली होते. क्लायंटची चौकट पडद्यावर कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढून ठेवावी, म्हणजे त्याच्याकडे पाहताना नजर फार खाली जात नाही. फक्त चेहरा दिसण्यापेक्षा कमरेपर्यंतचं चित्र चांगलं, कारण हात दिसतात. स्वतःची चौकट झाकून टाकावी. तासभर आरशात पाहत कुणाचं ऐकता येतं का?

खरी गडबड आवाजाच्या उशिराने होते. नेटवरून आवाज पोचायला थोडा वेळ लागतो. तो उशीर सेकंदभरावर गेला, की क्लायंट श्वास घ्यायला थांबतो तेव्हा आपल्याला वाटतं त्याचं बोलणं संपलं. आपण बोलायला लागतो, तोही पुन्हा सुरू करतो, मग दोघंही थांबतात आणि ‘नाही नाही, तुम्ही बोला’ सुरू होतं. दोन-तीनदा असं झालं की क्लायंट त्रोटक बोलू लागतो. यावर उपाय एकच: तो थांबल्यावर मनात दोन मोजायचे आणि मगच बोलायचं. खोलीत हे दोन सेकंद अवघड वाटतील, ऑनलाइनमध्ये त्यांच्याशिवाय चालत नाही. मान हलवणं पडद्यावर नीट दिसत नाही, म्हणून ‘हं’, ‘बरं’ हे तोंडाने म्हणावं लागतं, पण तेही बेताने. कारण अनेक ॲपमध्ये एकाचा आवाज आला की दुसऱ्याचा दबतो.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या भागात संध्याकाळची वेळ देऊच नये. ढोलताशाच्या सरावापुढे कुठल्याही हेडफोनचं काही चालत नाही.

चॅटमध्ये शांतता कशी ऐकायची

चॅट सोपं वाटतं, पण यात सगळ्यात जास्त चुका होतात. सरावासाठी रचलेला हा एक तुकडा पाहा.

क्लायंट: झोप लागत नाही. बाकी ठीक.
समुपदेशक: काळजी करू नका. झोपण्याआधी एक तास मोबाइल बघू नका, कोमट दूध घ्या.
क्लायंट: हो.
(चार मिनिटं काही नाही.)
समुपदेशक: आहात का?
क्लायंट: हो. ठीक आहे. थँक्यू.

सल्ला चुकीचा नाही, पण तो तीन ओळी आधी आला. ‘बाकी ठीक’ म्हणजे काय हे कुणी विचारलंच नाही. त्यात ‘आहात का?’ हे चॅटवर वाचताना हजेरी घेतल्यासारखं लागतं. हाच तुकडा असा जाऊ शकतो:

क्लायंट: झोप लागत नाही. बाकी ठीक.
समुपदेशक: झोप लागत नाही तेव्हा रात्री डोक्यात काय चालू असतं?
(चार मिनिटं काही नाही.)
समुपदेशक: जरा वेळ झाला. लिहिताय, विचार करताय, की खोलीत कोणी आलं? काहीही असलं तरी चालेल, मी इथेच आहे.
क्लायंट: लिहून खोडत होते.
समुपदेशक: खोडलेल्यातलं एखादं वाक्य पाठवावंसं वाटतंय का?

चॅटमधल्या शांततेची कारणं अनेक असू शकतात आणि ती बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून पर्याय देऊन विचारायचं. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. मेसेज दोन-तीन ओळींचा. आणि पन्नास मिनिटांच्या चॅटमध्ये पन्नास मिनिटांच्या बोलण्याइतका मजकूर मावत नाही, हे मान्य करून एका सत्रात एकच मुद्दा.

दुसऱ्या बाजूला चॅटमध्ये लोक लवकर उघडे होतात. चेहरा दिसत नाही, नाव सांगावं लागत नाही, समोरच्याच्या कपाळावर आठी पडलेली दिसत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याचं सविस्तर विश्लेषण केलं. पडद्याआड माणसाचा संकोच गळून पडतो, आणि त्यातून मोकळेपणा येतो तसा उद्धटपणाही येतो. समुपदेशकासाठी यातला धोका वेगळाच आहे. जे सांगायला खोलीत सहा सत्रं लागली असती ते पहिल्या वीस मिनिटांत लिहून टाकलं, की माणूस नंतर घाबरतो आणि पुढच्या सत्राला येतच नाही. म्हणून भडाभडा लिहू लागलेल्याला हळू करणं हेसुद्धा शिकवावं लागतं: ‘हे बरंच मोठं आहे. आज यातलं किती सांगायचंय ते तुम्ही ठरवा.’

ईमेलमध्ये एकच पथ्य मोठं. उत्तर किती तासांत येईल ते आधी सांगायचं आणि ते पाळायचं. रात्री दोनला मेल पाठवणारा सकाळपर्यंत इनबॉक्स उघडून पाहत बसतो.

जिवाचा धोका असेल तेव्हा

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे. अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. उलट, विचारल्यावर अनेकांना हायसं वाटतं. ‘तसं काही मनात नाही ना?’ असं विचारू नये, कारण त्यात ‘नाही म्हणा’ अशी विनवणी असते. ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’ असंच विचारायचं. उत्तर हो असेल तर कधीपासून, शेवटचे कधी आले, काही ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का, आत्ता घरात कोण आहे, हे एकेक करून शांतपणे.

धोका आत्ताचा असेल तर कॉल ठेवायचा नाही. दुसऱ्या फोनवरून ठरलेल्या माणसाला आणि गरज पडल्यास ११२ला कळवायचं, म्हणून सत्राच्या वेळी दुसरा फोन चार्ज करून जवळ असायलाच हवा. इथे एक बारकावा आहे. ११२ला लावलेला फोन आपण जिथून लावतो त्या राज्याच्या केंद्राकडे जातो. क्लायंट पुण्याचा पण नोकरीसाठी बंगळुरूत असेल, तर तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर पहिल्याच सत्रात शोधून नोंदवून ठेवायला लागतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि मुलांसाठी १०९८.

धोका तातडीचा नसेल तर सुरक्षा आराखडा करतात. स्टॅन्ले आणि ब्राउन या दोन संशोधकांनी त्याची सहा पायऱ्यांची पद्धत दिली: धोक्याच्या खुणा ओळखणं, एकट्याने करता येण्याजोगे उपाय, मन दुसरीकडे वळेल अशा जागा आणि माणसं, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदतीचे नंबर, आणि घरातली घातक साधनं दूर करणं. खोलीत हा कागद टेबलावर विसरला जातो. ऑनलाइनमध्ये तो दोघांनी मिळून टाइप करता येतो आणि क्लायंटच्या फोनमध्ये राहतो. ऑनलाइनचं पारडं इथे जड आहे.

कायदा, थोडक्यात

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२च्या कायद्याखाली होते. समुपदेशकांचा समावेश २०२१च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात केला आहे. मार्च २०२०ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. समुपदेशकाने त्यांचा आधार घेऊन औषधाबद्दल बोलायचं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि तिचे अपवादही सांगतं. संमतिपत्रात ते अपवाद सोप्या मराठीत लिहिलेले असावेत. अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार कळवणं बंधनकारक आहे. म्हणून लहान मुलाला ‘हे मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नये.

सराव कसा करायचा

आता प्रशिक्षण. दोन दिवसांचं वेबिनार, तीनशे जण म्यूटवर, शेवटी प्रमाणपत्राची पीडीएफ. यातून माहिती मिळते, कौशल्य येत नाही. पोहण्याबद्दल ऐकून पोहता येत नाही, तसंच हे.

चालणारी पद्धत तिघांच्या गटाची. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटं सत्र, दहा मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. तिघंही एकाच खोलीत बसून करतात तेव्हा सगळा हेतूच हरवतो. तिघं तीन ठिकाणी, खऱ्या नेटवर हवेत. एक फेरी कॅमेरा बंद ठेवून. एक फेरी चॅटवर. एका फेरीत क्लायंटने ठरवून बाराव्या मिनिटाला कॉल तोडायचा. एकीत ‘पार्सल’चं वाक्य म्हणायचं आणि पाहायचं की समुपदेशकाच्या लक्षात येतं का. बहुतेकांच्या पहिल्या वेळी येत नाही, कारण ते पुढचा प्रश्न मनात जुळवत असतात.

निरीक्षकाने ‘छान होतं’ म्हणायचं नाही. त्याच्या हातात मोजणीचा तक्ता हवा. नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘इनॅक्ट’ ही मोजपट्टी असा रोल-प्ले, म्हणजे भूमिका घेऊन केलेलं सरावाचं सत्र, पाहून गुण देण्यासाठीच बनवली, आणि बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांचं कौशल्य तपासायला ती बऱ्याच देशांत वापरली जाते. ऐकून घेणं, भावना ओळखून बोलणं, गोपनीयता समजावणं, जिवाचा धोका तपासणं, अशा बाबींवर वेगवेगळे गुण. तिच्यात ऑनलाइनसाठी स्वतःच्या चार-पाच ओळी जोडता येतात: जागा विचारली का, कॉल तुटण्याचा नियम सांगितला का, दोन सेकंद थांबला का.

मग सुपरव्हिजन, म्हणजे शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख. शिकाऊ समुपदेशक आपल्या सत्रातला चांगला भाग घेऊन येतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून रेकॉर्डिंगमधली कोणती पाच मिनिटं ऐकायची हे सुपरवायझरने ठरवायचं. पूर्ण पन्नास मिनिटं ऐकण्यापेक्षा पाच मिनिटं शब्दशः उतरवून प्रत्येक वाक्यापाशी ‘हे का म्हणालास?’ विचारणं जास्त शिकवतं. चॅटचा तर उतारा तयारच असतो. रेकॉर्डिंगसाठी क्लायंटची वेगळी संमती लागते, उपचाराच्या संमतीत ती गृहीत धरता येत नाही. आणि ‘नाही’ म्हटलं तरी समुपदेशन मिळेल, हे त्या कागदावर लिहिलेलं हवं.

नियमित, काटेकोर प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसंही नैराश्यावर परिणामकारक काम करू शकतात, हे गोव्यात विक्रम पटेल आणि संगत संस्थेच्या ‘प्रीमियम’ प्रकल्पाने दाखवलं. तिथल्या ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’च्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. पदवीवाल्यांना हे वाचून राग येतो. पण त्या समुपदेशकांच्या सत्रांची रेकॉर्डिंग नियमितपणे ऐकून त्यांना गुण दिले जात होते. पदवी घेतल्यानंतर किती जणांचं एक तरी सत्र कुणी ऐकतं?

पुण्यात समुपदेशनाच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे, शिवाय खासगी वर्गांना तोटा नाही. कोर्स निवडताना फीआधी तीन गोष्टी विचाराव्या. प्रत्येकाला किती रोल-प्ले स्वतः करायला मिळतात? सत्र कोण ऐकतं आणि लेखी अभिप्राय देतं का? आणि जिवाच्या धोक्याचा सराव करून घेतात की फक्त स्लाइड दाखवतात?

संशोधन: आकडा काय सांगतो, काय नाही

बराक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली इंटरनेटवरच्या मानसोपचारांवरचे ९२ अभ्यास एकत्र केले. त्यांत एकूण ९,७६४ माणसं होती. सरासरी परिणाम निघाला ०.५३. साध्या भाषेत याचा अर्थ असा की उपचार मिळालेला सरासरी माणूस उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत होता. ज्या १४ अभ्यासांत समोरासमोर आणि इंटरनेट यांची थेट तुलना होती, तिथे फरक दिसला नाही. ‘ऑनलाइन तितकंच चांगलं’ या दाव्यामागे अनेकदा हा आकडा असतो.

पण या ९२त स्वतःहून वाचायच्या वेबसाइटपासून समुपदेशकाशी चॅटपर्यंत सगळं आहे. अभ्यासात भाग घेणारे लोक आपणहून आलेले, नेट आणि एकांत असलेले असतात. आणि पुण्यातल्या कॉट बेसिसवरच्या मुलाकडे नेमका एकांतच नसतो. शिवाय ऑनलाइन कार्यक्रमांतून लोक मध्येच गळतात. गुंथर आयसेनबाख यांनी २००५ साली याला ‘गळतीचा नियम’ म्हटलं. ही गळती नीट मोजली नाही तर निकाल फसवा येतो. समजा ४० जणांनी सुरुवात केली, २२ शेवटपर्यंत राहिले आणि त्या २२ जणांना बरं वाटलं. मग १८ जण कुठे गेले? बरे वाटून गेले, कंटाळून गेले, की आणखी खचून गेले? फक्त २२ जणांची सरासरी छापणारा प्रबंध परत करावा.

नैराश्य मोजायला बहुतेक जण पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. १०पासून पुढे मध्यम नैराश्य धरतात, २०पासून पुढे तीव्र. तिचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे, स्वतः नव्याने करत बसू नये. ऑनलाइन फॉर्ममध्ये या प्रश्नावलीचा एक सापळा आहे. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. माणूस शुक्रवारी रात्री तिथे ‘जवळजवळ रोज’ निवडतो, आणि उत्तरं सोमवारी डाउनलोड होतात. म्हणून नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की लगेच कुणाच्या तरी फोनवर सूचना जाईल आणि पडद्यावर मदतीचे नंबर दिसतील, अशी सोय फॉर्ममध्ये आधी करायची आणि मगच तो पाठवायचा. नैतिकता समितीने हे विचारायलाच हवं.

समुपदेशक आणि क्लायंट यांचं नातं जुळलं का, हे मोजायला होर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांची १९८९ची प्रश्नावली आहे. उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपुलकी, असे तिचे तीन भाग, बोर्डिन यांच्या १९७९च्या मांडणीवर उभे. ती तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर भरून घ्यावी, आणि समुपदेशकाच्या हाती न देता थेट संशोधकाकडे जावी. नाहीतर सगळेच पैकीच्या पैकी गुण देतात.

एम.ए.च्या प्रबंधात सर्रास होणारी चूक म्हणजे एकच गट घेऊन ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजणं. माणूस समुपदेशनाला येतो तेव्हा त्याची अवस्था बहुधा सगळ्यात वाईट असते, आणि काही न करताही आठ आठवड्यांत ती थोडी सुधारते. त्यात पेठांमधल्या परीक्षार्थींवर अभ्यास करायचा आणि आधीची मोजणी पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात, नंतरची परीक्षा झाल्यावर, असं केलं तर सुटकेचा निःश्वास समुपदेशनाच्या खात्यावर जमा होतो. तुलनेचा गट त्याच तारखांना मोजलेला हवा. प्रतीक्षायादीतला गट चालतो, पण त्यांनाही नंतर समुपदेशन द्यायचं आणि वाट पाहताना १४४१६ची माहिती द्यायची.

माणसं किती लागतील? वरच्या ०.५३च्याच मापात ०.५ इतका फरक पकडायचा असेल, पाच टक्के चुकीची मर्यादा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के ताकद (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात ६४. तीस टक्के गळती धरली तर ६४ला ०.७ने भागायचं, म्हणजे ९२. दोन गट मिळून १८४. एकट्या विद्यार्थ्याला दोन सेमिस्टरमध्ये हे जमणं अवघड आहे, आणि तसं मान्य करून छोटा, प्रामाणिक प्रश्न घ्यावा: लोक कोणत्या सत्रानंतर गळतात आणि का? पहिल्या पाच मिनिटांचे प्रश्न विचारल्याने गळती कमी होते का? गळालेल्या पंधरा जणांच्या नीट मुलाखती कमजोर चाचणीपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. चाचणी करणारच असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवावी, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे समुपदेशकाला ठरवू देऊ नये. बोलकी, उत्साही माणसं नकळत उपचाराच्या गटात जातात.

आता चॅटबॉट. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्याकडे मन मोकळं करू लागले, आणि याचा धक्का खुद्द वायझेनबाउम यांनाच बसला. आजचे बॉट कितीतरी सफाईदार आहेत. प्रशिक्षणात ‘क्लायंट’ची भूमिका द्यायला ते उपयोगी पडतात. पहिल्या पाच मिनिटांचे प्रश्न न अडखळता विचारण्याचा सराव रात्री अकरालाही करता येतो. चार मिनिटांच्या शांततेचा सराव मात्र त्यांच्यावर होत नाही, कारण ते लगेच उत्तर देतात. त्यासाठी तिसरा माणूस शोधावाच लागतो. आणि सरावाला खरी केस हवी म्हणून क्लायंटचं चॅट उचलून बॉटमध्ये टाकू नये, नाव काढलं तरीही. ‘अभ्यासिका, भावाचं लग्न, दोनदा मुख्य परीक्षा’ एवढ्या तपशिलावरूनही एखाद्या पेठेत माणूस ओळखता येतो.